धुळवडीचं बोकड घरीच कापायचं असेल तर

परवा भाच्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, तिकडे अमेरिकेत कोणीतरी अंगणात अख्खं अस्वल लटकवून सोलून राह्यलं होतं. पोट्टा लगेच विचारतो, "मामा, आपल्या मोहाच्या झाडाखाली येते ते अस्वल असं खाता येते का जी?" म्हटलं बाप्पा, नाव पण नको काढू. आपलं अस्वल १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत, मारलं तर ३ ते ७ वर्षं आत. तिकडे रीतसर परवाना काढून शिकार होते, आणि तिकडचेही लोक ते मांस जपूनच खातात कारण अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला नावाची बारीक अळी असू शकते, आतपर्यंत ७१ डिग्री गरम झाल्याशिवाय ते पानात घेत नाहीत, आणि थंड मुलखातली त्या अळीची एक जात तर फ्रीजरमध्ये ठेवून पण मरत नाही.

पण व्हिडिओतलं काम बघितलं तर आपल्या बोकडापेक्षा फार वेगळं नाही. लटकवा, सोला, पोट साफ करा. आणि खरं सांगू का, आजकाल गावात हे नीट येणारे लोक कमी होऊन राह्यले, सगळे तालुक्याहून काळ्या पन्नीत किलोभर मटण आणतात आणि मग म्हणतात सावजी मसाल्याला चव नाही. मसाला काय करेल, अर्धी चव तर सोलतानाच जाते. म्हणून लिहितो.

बोकड घेताना वजनाआधी दात बघा. खालच्या जबड्यात समोर आठ दुधाचे दात असतात, वर्ष-सव्वा वर्षाचं झालं की मधले दोन पडून मोठे येतात. अदात (मोठे दात न आलेलं) किंवा नुकतंच दोन दाती झालेलं घ्यायचं, त्यापुढचं चुलीवर तास वाढवते. आमच्याकडे बेरारी जात चालते, काटक असते. खच्ची केलेलं मिळालं तर सोनं, कारण वयात आलेल्या आंडील बोकडाला जो उग्र वास येतो तो कितीही लसण टाका, जात नाही. २४ किलोचं जिवंत बोकड असलं तर हाडासकट ११-१२ किलो मटण पडते, मुंडी, पाय, वजडी वेगळं. व्यापारी "पंधरा निघते भाऊ" म्हणत असेल तर हसा आणि पुढचं बोकड बघा.

आदल्या संध्याकाळपासून चारा बंद, पाणी मात्र भरपूर. पोट रिकामं असलं की पुढचं काम निम्मं सोपं, आणि पाणी प्यालेलं असलं की कातडं लवकर सुटते. सकाळी त्याला पळवू नका, पोट्ट्यांना मागे लागू देऊ नका, घाबरलेल्या जनावराचं मटण कडक होते. मान कापायचं काम ज्याचा हात बसलेला आहे त्यालाच द्या, एका दमात झालं पाहिजे आणि रक्त पूर्ण वाहून गेलं पाहिजे. रक्ती खाणारे असाल तर ताटात चिमूटभर मीठ टाकून रक्त धरून ठेवा. शहरात राहत असाल तर हे घरी करू नका, नगरपालिकेच्या हद्दीत परवान्याच्या कत्तलखान्यातच कापावं लागते.

मग मागच्या पायांनी लटकवायचं. गुडघ्याच्या मागे जी जाड शीर असते ती आणि हाड यांच्यामधून सुरीने भोक पाडून दोरी घाला, शीर कापू नका, कापली की बोकड धपकन खाली. कडुलिंबाची आडवी फांदी बघा, तुमच्या छातीइतक्या उंचीवर पोट येईल अशी. सोलताना सुरी फक्त पायाला आणि पोटाच्या रेषेला लावायची, बाकी सगळं मुठीने. कातडं एका हाताने ओढायचं आणि दुसऱ्या हाताची मूठ कातडं न् मांस यांच्यामध्ये दाबत खाली न्यायची, पांढरी पातळ झिल्ली चरचर आवाज करत सुटत जाते, तो आवाज आला म्हणजे बरोबर चाललं. एक गोष्ट लक्षात ठेवा, ज्या हाताने केसाची बाजू धरली तो हात मांसाला लावायचा नाही. बोकडाचा वास केसात असतो. लोक मटण दहा पाण्याने धुतात, त्यापेक्षा हे एक पाळा.

पोट उघडताना घाई नको. आधी शेपटीखालचा भाग गोल मोकळा करून सुतळीने घट्ट बांधा, मानेकडे अन्ननळीला पण गाठ मारा. मग दोन बोटं आत घालून, सुरीचं टोक बाहेरच्या बाजूला ठेवून, बोटांच्या मधून चीर खाली न्यायची, म्हणजे आतडं कापलं जात नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा बोटं न घालता सरळ सुरी चालवली आणि मुताची पिशवी फोडली, अर्धी मांड्यांवर अन् अर्धी माझ्या पॅन्टवर. मोठे बाबा फक्त एवढंच म्हणाले, "आता तूच खाजो हे मांड." खाल्लं पण मी.

कलेजी काढताना तिच्यामागे हिरवट पित्ताची पिशवी चिकटलेली असते, ती थोडी कलेजी सोबत घेऊनच कापा. फुटली तर तेवढी कलेजी कडू झाली समजा. कलेजी आणि फोफसं उजेडात धरून नीट बघा. पाण्याने भरलेले पांढरट फोड दिसले तर तो भाग खायचा नाही, आणि मुख्य म्हणजे कुत्र्याला टाकायचा नाही. गावात सगळे तेच करतात. त्या फोडात पट्टकृमीची पिल्लं असतात, कुत्र्याच्या पोटात जाऊन त्यांचे जंत होतात, कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी परत चाऱ्यात, अंगणात आणि लेकरांच्या हाताला येतात, मग माणसाच्या लिव्हरमध्ये तसाच फोड. जाळून टाका नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही एवढं खोल पुरा.

वजडी उलटी करून धुवायची, मग कढत पाण्यात थोडा चुना टाकून बुडवायची, काळी साल चमच्याने खरडली की निघते. हे काम कोणालाच आवडत नाही, जवायाला द्या.

तोडायला चिंचेचा ओंडका घ्या, त्याचा भुसा मटणात येत नाही. सांध्यावर सुरी चालवा, सत्तूर फक्त हाडालाच, नाहीतर किरच्या दातात येतात. आमच्याकडे हिस्से पळसाच्या पानांवर पडतात, प्रत्येकात थोडी बरगडी, थोडं मांड, एक फोड कलेजी. एक पोरगं पाठ फिरवून बसते, आपण हिश्शावर बोट ठेवून "हा कोणाचा?" विचारायचं, ते नाव घेते. भांडण नाही.

मार्चच्या उन्हात मटण ठेवत बसू नका. कापल्यावर काही तासांनी ते ताठ होते, त्या वेळात शिजवलं तर चिवट लागते, म्हणून लगेच चुलीवर घ्या. २ किलोला आधी गंजात (पातेल्यात) हळद, मीठ आणि लसण-अद्रक घालून झाकण ठेवा, स्वतःच्याच पाण्यात अर्धा तास शिजू द्या, वरून पाणी टाकायचं तर कढतच. तोवर मसाला: चार कांदे निखाऱ्यात भाजून, अर्धी वाटी खोबरं, २ चमचे खसखस, ३ चमचे धने, चमचाभर मिरे, ८-१० लवंगा, दालचिनी, चक्रीफूल, काळी विलायची, दगडफूल चिमूटभरच, मूठभर नको. हे प्रत्येक वेगळं भाजा, खसखस आणि लवंग एकत्र कढईत गेली की एक करपते. पाट्यावर वाटलं तर बरं, मिक्सर चालते.

जवसाचं तेल मिळालं तर तेच, पावशेराला थोडं कमी. त्यात मसाला तेल सुटेपर्यंत परता, मग भिवापुरी तिखट ३-४ चमचे, पण तिखट टाकायच्या आधी गंज चुलीवरून उतरवा, जळालं की तर्री लाल न होता काळी होते. मटण त्याच्या पाण्यासकट ओता आणि दोन चमचे भाजलेलं ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून सोडा. मंद आचेवर अजून तासभर. टमाटर टाकू नका, कोणी विचारलं तरी. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर.

भाकरी होईपर्यंत मुंडी आणि पाय त्याच निखाऱ्यावर केस जाळून खरडून ठेवा, उद्या सकाळी रस्सा करता येते.