मृगबागेची टिश्यूकल्चर केळी: रोप निवडण्यापासून लागवडीनंतरच्या ७५ दिवसांपर्यंत

मृगबागेसाठी, म्हणजे जूनमध्ये लावायची टिश्यूकल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली) केळीची रोपे मे महिन्यात शोधायला निघाले, तर दुसऱ्यांनी नाकारलेली रोपे पदरात पडतात. प्रयोगशाळेत मुनव्याचा (केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लाचा) कोंब बाटलीत गेल्यापासून रोप शेतात लावण्याजोगे व्हायला आठ ते दहा महिने लागतात. म्हणजे यंदाच्या मृगबागेच्या रोपांची सुरुवात गेल्या ऑगस्ट-सप्टेंबरातच झालेली असते. डिसेंबर-जानेवारीत नोंदणी केलेल्यांनी आता रोपवाटिकेत जाऊन आपली रोपे डोळ्यांनी पाहून यावीत. ज्यांची नोंदणी राहिली असेल, त्यांनी घाईने मिळेल ते रोप उचलण्यापेक्षा ऑक्टोबरात लावायच्या केळीचा, म्हणजे कांदेबागेचा विचार केलेला बरा.

टिश्यूकल्चरचे रोप रोगमुक्त असते, हे अर्धेच खरे आहे. मुनव्यांच्या बेण्यासोबत शेतात येणारा कंद पोखरणारा सोंडकिडा, सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशी या रोपांबरोबर येत नाहीत. विषाणूचे मात्र तसे नाही. ज्या झाडाचा मुनवा घेतला त्या झाडात विषाणू असेल, तर बाटलीत कोंब वाढतात तसा विषाणूही वाढत जातो. एका मुनव्यापासून हजारापर्यंत रोपे काढली जातात. एक मातृवृक्ष चुकला तर ती हजारही रोपे चुकतात, आणि रोपवाटिकेत ती दिसायला इतरांसारखीच हिरवीगार असतात. म्हणून दर विचारण्याआधी तपासणीचा अहवाल मागा. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून टिश्यूकल्चर रोपांसाठी प्रमाणन व्यवस्था चालू केली आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या रोपांना बॅचनुसार प्रमाणपत्र आणि लेबल असते. अहवालात कुकुंबर मोझॅक, पर्णगुच्छ, ब्रॅक्ट मोझॅक आणि स्ट्रीक या चारही विषाणूंची नावे असली पाहिजेत. लेबल, बॅच क्रमांक आणि पक्के बिल घड कापेपर्यंत जपून ठेवा. पुढे भेसळ निघाली तर कागदाशिवाय तक्रार उभी राहत नाही.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा: कोंबांची फोड किती वेळा केली? बाटलीत दर तीन-चार आठवड्यांनी कोंब सुटे करून नव्या माध्यमात लावतात. हे आठ वेळांपर्यंत ठीक. त्यापुढे खेचत नेले तर गुणधर्म बदललेली रोपे वाढू लागतात. कुठे पाने आखूड होऊन गुच्छासारखी जवळ येतात, कुठे पानावर पांढरे-पिवळे पट्टे उमटतात, कुठे पान जाड, अरुंद आणि सुरकुतलेले निघते. अशी रोपे रोपवाटिकेतच वेचून फेकायची असतात. रोप पिशवीत आहे तोवर ते ओळखणे सोपे असते. शेतात गेलेल्या अशा झाडाचा दोष घड निसवायच्या (बाहेर पडायच्या) वेळी कळतो, आणि तोवर वर्षभराचे पाणी-खत त्याच्यावर खर्च झालेले असते.

रोप कसे पारखावे

बाटलीतले रोप साखरेवर वाढलेले असते. त्याच्या पानावर मेणाचा थर नसल्यासारखाच असतो, पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत आणि मुळांना तंतुमुळे फुटलेली नसतात. ते थेट बाहेर ठेवले तर काही तासांत माना टाकते. म्हणून हार्डनिंग, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणे, दोन टप्प्यांत करतात: आधी ट्रेमध्ये कोकोपीटवर ८० ते ९० टक्के आर्द्रतेत चार ते सहा आठवडे, मग पिशवीत शेडनेटखाली सहा ते आठ आठवडे. मागणी वाढली की काटछाट होते ती याच दुसऱ्या टप्प्यात.

शेतात लावायचे रोप किमान ३० सेंमी उंच हवे, पाच-सहा पूर्ण उघडलेली पाने हवीत आणि बुंधा हाताला घट्ट लागला पाहिजे. पण एवढ्यावर थांबू नका. शंभरातली चार-पाच रोपे निवडून पिशवी कापा आणि मातीचा गोळा तळहातावर उलटा करा. गोळा अखंड राहिला आणि त्याच्याभोवती पांढऱ्या, ताज्या मुळांची जाळी दिसली, तर रोप तयार आहे. माती भुरभुरून खाली पडली, तर ते नुकतेच ट्रेमधून पिशवीत आलेले आहे. त्याला आणखी तीन आठवडे द्यायला सांगा. मुळे तपकिरी, मऊ आणि वासाला आंबूस असतील तर ती रोपे घेऊच नका. त्यानंतर सर्वांत वरचे उघडलेले पान उन्हाकडे धरून पाहा. शिरांना समांतर फिकट पिवळ्या तुटक रेषा दिसल्या, तर त्या रांगेतले एकही रोप गाडीत चढवू देऊ नका.

गट करून काम करणाऱ्या शेतकऱ्यांना ट्रेमधली प्राथमिक हार्डनिंग झालेली रोपे स्वस्तात घेऊन दुसरा टप्पा स्वतः करता येतो. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात घ्या, वर ५० टक्क्यांचे शेडनेट ठेवा. चारही बाजूंना आणि दाराला ४० मेशची कीटकरोधक जाळी लावल्याशिवाय हा उद्योग सुरू करू नका, कारण विषाणू पसरवणारी मावा ही कीड इथेच शिरली तर पुढचे सगळे वाया जाते. पिशवीत लावल्यावर दुसऱ्या आठवड्यापासून १९:१९:१९ हे खत २ ग्रॅम प्रति लिटरने आठवड्यातून एकदा द्या. शेवटचे दोन आठवडे शेडनेट आधी सकाळी, मग दुपारपर्यंत आणि शेवटी पूर्ण दिवस उघडे ठेवा. पाणीही थोडे ताणा.

लागवड

जूनच्या पहिल्या आठवड्यात खानदेशात अजून झळा असतात. मृग निघाला म्हणून लगेच लावायची घाई नको. पाऊस पडून हवा गार होऊ द्या. गाडीतून आलेली रोपे चार-पाच दिवस झाडाच्या किंवा शेडनेटच्या सावलीत उभी ठेवा, दोन वेळा हलके पाणी द्या. वाहतूक रात्रीची आणि झाकलेल्या गाडीतून करा. उघड्या गाडीत वाऱ्याने पानांच्या कडा करपतात आणि रोप पंधरा दिवस मागे पडते.

१.५ × १.५ मीटरवर हेक्टरी ४४४४ झाडे बसतात, १.७५ × १.७५ मीटरवर ३२६५. भारी काळ्या जमिनीत हवा खेळती राहावी म्हणून दुसरे अंतर बरे, आणि तिथे गादीवाफ्यावरच लावा. प्रत्येक जागी कुजलेले शेणखत १० किलो, निंबोळी पेंड २०० ते २५० ग्रॅम आणि शेणखतात मुरवलेली ट्रायकोडर्मा द्या. ताजे शेणखत नको, त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे जळतात.

आदल्या दिवशी ठिबक चालवून जमीन ओली करून घ्या. लागवड दुपारी चारनंतर करा. पिशवी उभी कापा, गोळा फुटू देऊ नका आणि गोळ्याची वरची कड जमिनीच्या पातळीला येईल असे रोप ठेवा. जेमतेम दोन सेंमी बुंधा मातीत जाऊ द्या. खोल लावलेल्या रोपाच्या पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानात) माती व पाणी शिरते आणि कूज सुरू होते. माती दाबायची ती गोळ्याच्या बाजूने, गोळ्यावर पाय देऊन नाही. रिकाम्या पिशव्या गोळा करून शेताबाहेर न्या. पश्चिम व दक्षिण बाजूला रोपापासून हातभर अंतरावर ताग टोकला तर पहिले सहा आठवडे सावली मिळते. तो कमरेएवढा झाला की कापून तिथेच आच्छादन करा. बांधावर शेवरी किंवा गजराज गवताच्या दोन ओळी लावा. वाऱ्यासाठी लागतातच, त्यांचा दुसरा उपयोग पुढे येईल.

लागवडीबरोबर पाच टक्के रोपे जादा घेऊन सावलीत सांभाळा. नांगे (रोप मरून रिकाम्या झालेल्या जागा) महिन्याच्या आत भरा. त्यानंतर भरलेले झाड शेजारच्या झाडांच्या सावलीत दबून राहते.

हरण्या: जुलै-ऑगस्टचा खरा धोका

ढगाळ हवा, सतत रिमझिम आणि २४-२५ अंशांच्या आसपासचे तापमान लागून राहिले की कुकुंबर मोझॅक, म्हणजे हरण्या रोग उसळतो. टिश्यूकल्चरचे रोप कंदाच्या रोपापेक्षा कोवळे असल्याने त्याला बळी लवकर पडते. लागवडीनंतरचे पहिले दोन-तीन महिने सर्वांत नाजूक. पानावर पिवळसर तुटक पट्टे येतात, कडा वाकड्या होतात, नवे पान आखडते, जास्त झाले की पोंगा सडतो. या झाडावर औषध नाही. ते पुढे घडही देत नाही आणि शेजारच्यांना रोग देत राहते.

हा विषाणू मावा पसरवतो, आणि फार थोड्या वेळात. रोगट पानावर सोंड टोचून मावा काही सेकंदांत विषाणू उचलतो आणि पुढच्या झाडावर टोचताच सोडतो. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत रोग देऊन झालेला असतो. फवारणीवरच विसंबलेल्या बागा म्हणूनच हातच्या जातात. मावा बागेत येऊच नये आणि आला तर त्याला रोगट झाड सापडू नये, भर यावर हवा. बांधावरच्या शेवरी-गजराजाचा दुसरा उपयोग तो हाच: बाहेरून आलेला मावा आधी तिथे सोंड खुपसतो, आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच संपतो.

शेतात आणि बांधावर केना हे तण उभे राहू देऊ नका. या विषाणूचे ते हक्काचे घर आहे. काकडी, भोपळा, कलिंगड, टोमॅटो, मिरची, वांगी यांचे आंतरपीक नको. उन्हाळी कलिंगडाच्या जागेवर केळी लावायची असेल तर जुने वेल मुळासकट काढून नष्ट करा. शेजारी कपाशी असणे टाळता येत नाही, पण कपाशीवरचा मावा तोच आहे हे ध्यानात ठेवून त्या बाजूच्या ओळी आधी तपासा.

दर चार दिवसांनी सकाळी प्रत्येक ओळ चाला. रोगट झाड दिसले की आधी त्यावर आणि आजूबाजूच्या झाडांवर इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल ५ मिलि प्रति १० लिटर पाण्यात, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारा द्रव) घालून फवारा. डब्यावर केळी पीक आहे का ते पाहून घ्या. न फवारता झाड उपटले तर त्यावरचा मावा उडून शेजारी बसतो. दुसऱ्या दिवशी झाड कंदासकट काढा, बागेबाहेर नेऊन पुरा किंवा जाळा. बांधावर टाकलेले झाड आठवडाभर हिरवे राहते आणि रोग देत राहते. आजूबाजूच्या सगळ्या बागांनी एकाच दोन-तीन दिवसांत फवारणी व उपटणी केली तर उपयोग होतो. एकट्याने केलेली मेहनत शेजारच्या दुर्लक्षित बागेमुळे पुसली जाते.

कंदकूज, पाणी, खत

पावसाने पाणी साचलेल्या ठिकाणी बुंधा जमिनीलगत मऊ पडून झाड हलक्या धक्क्याने मोडत असेल आणि कंदाला घाण वास येत असेल, तर ती जिवाणूजन्य कंदकूज आहे. आधी चर काढून पाणी बाहेर काढा. मग कॉपर ऑक्सिक्लोराईड ३० ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून बुंध्याभोवती ओता. बुंध्याशी माती कोरून जखमा करू नका. जिवाणू तिथूनच शिरतो.

पाणी रोज झाडाला पाच-सहा लिटर पुरते. पाऊस असेल त्या दिवशी ठिबक बंद. खताचा पहिला हप्ता ३० दिवसांच्या आत: झाडाला युरिया ८२ ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट २५० ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश ८३ ग्रॅम, बुंध्यापासून वीतभर दूर बांगडी पद्धतीने, मातीत मिसळून. दुसरा हप्ता ७५ व्या दिवशी, फक्त युरिया ८२ ग्रॅम. पिवळेपणा दिसला म्हणून मध्येच युरिया वाढवू नका. आधी पान उन्हाकडे धरून पाहा: एकसारखे फिकट असेल तर भूक किंवा पाणथळ, तुटक पट्टे असतील तर हरण्या. जादा नत्राने पान लुसलुशीत होते आणि मावा अशाच पानावर बसतो.