संगणकावरील ट्रंपेटमध्ये फुंकर कशी आणावी

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत वरातीच्या बँडमधला ट्रंपेटवाला जोर लावतो, तेव्हा आवाज नुसता मोठा होत नाही, तर धारदारही होतो. संगणकावरील बहुतेक ब्रास (पितळी फुंकवाद्यांच्या) वाद्यसंचांत हा बदल मिडी कीबोर्डचे, म्हणजे संगणकाला वादनाच्या सूचना पाठवणाऱ्या कीबोर्डचे, मॉड्युलेशन व्हील (हाताने फिरवायचे चाक, सूचनांच्या यादीत कंट्रोलर क्रमांक १) घडवते, तर क्रमांक ११ साधारणपणे केवळ आवाजाची पातळी कमी-जास्त करतो. लांब स्वर व्हीलच्या ० ते १२७ या मापावर ४० च्या आसपास सुरू करून व्हील सावकाश ९० पर्यंत न्यावे आणि दम संपत आल्यासारखे खाली आणावे. १२७ हे टोक मात्र समेसाठी राखावे. हा चढउतार माऊसने आखू नये, हाताने वाजवतच रेकॉर्ड करावा (लाइट जाण्याआधी सेव्हही करावा). ओळींमध्ये श्वासाची जागा सोडावी, कारण न थांबणारा ट्रंपेट लगेच खोटा वाटतो.