डोंगरातल्या शाखा रेल्वेमार्गाचा इतिहास कसा लिहावा : बिलिमोरा–वघईच्या निमित्ताने

नाशिकहून दिंडोरी आणि वणीमार्गे सापुतारा गाठून पलीकडचा घाट उतरला, की सुमारे १३० किलोमीटरवर डांगच्या जंगलाच्या तोंडाशी वघई हे गाव लागते, आणि तेथेच ७६२ मिलिमीटर रुंदीच्या छोट्या रुळांचा शेवट होतो. बिलिमोरा ते वघई हा ६३ किलोमीटरचा मार्ग बडोद्याच्या गायकवाड सरकारने बांधला. तो गुजरातेत असला तरी नाशिककरांना परका वाटू नये, कारण तो ज्या अंबिका नदीच्या खोऱ्याच्या आधाराने वर चढतो ती आपल्या सुरगाणा तालुक्यातल्या डोंगरांत उगम पावते, आणि ज्यांच्या कारकिर्दीत तो झाला ते सयाजीराव महाराज मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्यात जन्मलेले. अशा मार्गाचा इतिहास ज्यांना मनापासून लिहायचा आहे, त्यांच्यासाठी मला उपयोगी पडलेली पद्धत येथे मांडतो.

लिखाणाची सुरुवात उद्घाटनाच्या तारखेपासून करू नये. गाडीतून काय वाहून न्यायचे होते, हा प्रश्न आधी विचारावा, कारण मार्गाचे शेवटचे टोक आणि त्याची रुंदी यांचे उत्तर बहुतेक वेळा त्या मालातच असते. वघई ही काही मोठी पेठ नव्हती. तेथे होते ते सागवान. डांगमधल्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी १८४० च्या दशकात जंगल भाडेपट्ट्याने घेतले ते या लाकडासाठीच. त्या राजांच्या वंशजांना आजही डांगचे मुख्य ठाणे असलेल्या आहव्याच्या डांग दरबारात वार्षिक मानधन दिले जाते. लाकूड डोंगरातून खाली बिलिमोऱ्यापर्यंत आणायचे आणि तेथून मुंबई–अहमदाबाद मुख्य मार्गावर चढवायचे, असा हा व्यवहार होता. छोट्या रुंदीला खर्च कमी येतो आणि वळणे अधिक तीव्र घेता येतात. शिवाय डभोई–मियागाम हा छोटा मार्ग संस्थानाने १८६२ मध्येच सुरू केला होता (आरंभी त्यावरचे डबे बैल ओढत), त्यामुळे या रुंदीची गाडी बडोद्याला नवी नव्हती. मात्र याच रुंदीत मार्गाचे दुखणेही होते. बिलिमोऱ्याला प्रत्येक ओंडका छोट्या डब्यातून उतरवून १,६७६ मिलिमीटरच्या मोठ्या गाडीत पुन्हा भरावा लागे, आणि लाकूडडेपोतून थेट वखारीपर्यंत जाणारा ट्रक आल्यावर ही दुहेरी हमाली परवडेनाशी झाली. मार्ग का बांधला आणि त्याचे महत्त्व का ओसरले, या दोन्ही गोष्टी अशा एकाच मालाच्या प्रवासातून सांगता आल्या, तर लेखाला कणा मिळतो.

त्यानंतर नकाशा उघडावा. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे पत्रक घेऊन स्थानके एकेक करून खुणावावीत : गणदेवी, चिखली, रानकुवा, अनावल, उनाई, काळा आंबा, डुंगरडा, वघई. स्थानकांच्या नावांकडे बारकाईने पाहावे. ‘उनाई–वासदा रोड’ या नावातला ‘रोड’ आपल्याला नाशिक रोडमुळे चांगलाच ओळखीचा आहे. मूळ गाव रुळापासून दूर आहे आणि उरलेली वाट दुसऱ्या वाहनाने किंवा पायी कापावी लागते, हे तो शब्द सांगतो. नाशिक रोड ते शहर अशी घोड्यांची ट्राम एकेकाळी होती ती त्याच अंतरामुळे. आता नकाशावर रंगीत पेन्सिलीने १९४७ पूर्वीच्या हद्दी काढाव्यात. गणदेवी बडोद्याची, चिखली इंग्रजांच्या सुरत जिल्ह्यातली, वासदा स्वतंत्र संस्थान, आणि डांग मुंबई सरकारच्या देखरेखीखालचा. जेमतेम ६३ किलोमीटरच्या रुळाने इतक्या राजवटींची जमीन ओलांडली आहे.

कागद शोधताना याच हद्दी कामी येतात. संस्थानाचे दफ्तर वडोदऱ्याला पाहावे, सुरत जिल्हा आणि डांगसंबंधीचा पत्रव्यवहार मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात शोधावा, आणि गुजराती सराईतपणे वाचणारा सोबती बरोबर ठेवावा. रेल्वे येण्यापूर्वीच्या घाटवाटा व व्यापार समजण्यासाठी १८८३ चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर उपयोगी पडते. जुन्या ग्रंथांसाठी १८४० मध्ये स्थापन झालेल्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करूनच पुढच्या प्रवासाला निघावे. बडोदा संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी पश्चिम रेल्वे अस्तित्वात आली, तेव्हा त्यानंतरचे कागद वेगळ्या कार्यालयात असणार हे लक्षात घ्यावे.

तारखांच्या बाबतीत विशेष जपावे लागते. या मार्गासाठी वर्तमानपत्रांत १९१३ हे साल नेहमी दिसते. परंतु डोंगरातले मार्ग बहुधा तुकड्या-तुकड्यांनी उघडतात, म्हणून मंजुरी, मालवाहतूक आणि प्रवासी वाहतूक असे तीन स्तंभ आखून प्रत्येक टप्प्याचे साल स्वतंत्र लिहावे आणि ते कोणत्या कागदातून घेतले तेही शेजारी नोंदवावे.

प्रत्यक्ष पाहणी गाडीत बसूनच करावी. सुमारे तीन तासांच्या त्या संथ प्रवासात खिडकीतून सारे दिसते. परवानगीशिवाय रुळांवरून चालणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे, आणि अभ्यासाच्या नावाखाली तो करू नये. उतरल्यावर निवृत्त गँगमन, फाटकवाले आणि लाकूडडेपोत काम केलेली वडीलधारी माणसे यांच्याकडे बसावे. मी पहिल्यांदा एका आजोबांना ‘ते कोणत्या साली?’ असे विचारत राहिलो आणि ते गप्प होत गेले. दुसऱ्या भेटीत ‘आजोबा, एका डब्यात किती ओंडके बसायचे?’ असे विचारले, तेव्हा त्यांनी अंगणातल्या काटक्या उचलून जमिनीवर डबा रचला, जाड बुंधा खाली आणि बारीक वर, आणि साखळी कोठून कशी आवळायची हे दोन्ही हातांनी दाखवले. साल विचारायचेच असेल तर लग्न, पूर किंवा थोरल्या मुलाचा जन्म यांच्या आधाराने विचारावे. सुरगाणा किंवा पेठकडचा कुकणा बोली जाणणारा मित्र सोबत असेल तर बोलणे कितीतरी मोकळे होते.

अलीकडच्या घटनाही आताच टिपून ठेवाव्यात. २०२० च्या टाळेबंदीत ही गाडी थांबली, त्याच वर्षअखेरीस गुजरातमधले ११ तोट्यातले मार्ग कायमचे बंद करण्याच्या निर्णयात तिचे नाव आले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती पुन्हा धावू लागली. त्या काळातली कात्रणे, निवेदने आणि तिकिटे अजून लोकांच्या घरांत आहेत. त्यांची छायाचित्रे घेऊन मूळ कागद ज्याचा त्याला त्याच दिवशी परत करावा. मसुदा पूर्ण झाला की तो छापायला देण्यापूर्वी माहिती देणाऱ्यांना वाचून दाखवावा. त्या आजोबांनी माझे वाचन मध्येच थांबवून साखळी बांधण्याचा क्रम दुरुस्त केला, आणि ते पान मी तेथेच त्यांच्या ओटीवर बसून पुन्हा लिहिले.