मृत्युदर काढताय? मग या चुका टाळा

वर्षभरातले मृत्यू भागिले १ जुलैची, म्हणजे वर्षाच्या मध्याची लोकसंख्या, गुणिले १०००. मृत्युदर एवढाच आहे. तरी मुलांचे प्रोजेक्ट तपासायला बसले की त्याच त्या चुका, आणि जवळपास सगळ्या छेदातल्या.

सगळ्यात जास्त चीड येते ती ही. एका मुलानं गोव्यातल्या बांबोळीच्या बाजूच्या मृत्यूनोंदणीचा आकडा उचलला, तिथल्याच लोकसंख्येनं भागला आणि दर असा आला की गावात साथ आलीय असं वाटावं, वर त्यानं पाणी खराब, हवा खराब असा निष्कर्षसुद्धा लिहून टाकला. अरे बाबा, तिथं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं मोठं हॉस्पिटल आहे! सत्तरी, काणकोण, अगदी सावंतवाडी-दोडामार्गचे पेशंट तिथं येतात, आणि १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नोंद होते ती मृत्यू जिथं झाला तिथं, माणूस राहायचा तिथं नाही. म्हणजे अंशात सगळ्या गोव्याची नि पलीकडची माणसं, छेदात फक्त आजूबाजूची. उलट सत्तरीतलं वाळपईकडचं गाव कागदावर ठणठणीत दिसतं. मी तर आधी मृताचा राहता पत्ता बघून नावं वेगळी करायला लावते, मगच भागाकार. वेळ जातो, जाऊ दे, तयार बेरीज उचलून एका संध्याकाळी प्रोजेक्ट उरकणाऱ्यांचं मला काही कौतुक नाही.

दुसरी चूक, दोन राज्यांचे नुसते दर शेजारी ठेवून आरोग्यसेवा कुठली चांगली ते ठरवणं. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या पुढचे ११ टक्क्यांहून जास्त होते, देशात साडेआठच्या आसपास. म्हातारी माणसं जास्त तर मृत्यू जास्त होणारच! जपानचा साधा मृत्युदर भारतापेक्षा जास्त आहे, म्हणून तिथली हॉस्पिटलं वाईट म्हणणार का? वयोगटाप्रमाणे दर काढा आणि मग तुलना करा.

तिसरी चूक, १०० पेशंटपैकी २ गेले, तर ते २ टक्के त्या आजाराच्या पेशंटमधले, गावाचा मृत्युदर नाही. कोविडमध्ये हा घोळ रोज व्हायचा.

बालमृत्युदराचा छेद जिवंत जन्म, हजारी. मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे. लोकसंख्या घालू नका.

आणि ६०० वस्तीच्या गावात गेल्या वर्षी ३ गेले, यंदा ६, की लगेच ‘मृत्युदर दुप्पट’ असं हेडिंग नको, एवढ्या छोट्या आकड्यात असा फरक योगायोगानंही पडतो. पाच वर्षांचे मृत्यू एकत्र घ्या, पाचही वर्षांची लोकसंख्या मिळवून तिनं भागा.