पणजोबांचा शोध: खानेसुमारीऐवजी कोतवाल बुक

पणजोबांची माहिती खानेसुमारीत मिळेल अशी माझी अपेक्षा होती. परंतु 1948 च्या जनगणना कायद्यानुसार वैयक्तिक नोंदी गोपनीय असल्याने कोणासही पाहता येत नाहीत, म्हणून मी महसुली दप्तराकडे वळलो. खरी अडचण वेगळीच होती. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे गावच्या कागदांत एकाच नावाच्या दोन व्यक्ती आढळत होत्या आणि जुन्या नोंदींत आडनाव बहुधा नसतेच.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मी गाव नमुना नंबर 14, म्हणजे जन्म-मृत्यूचे कोतवाल बुक, आणि वारसाचे जुने फेरफार (खातेदाराच्या मृत्यूनंतर जमिनीवर वारसांची नावे लावल्याच्या नोंदी) यांच्या नकला मिळवल्या. लिपी मोडी असल्याने जाणकाराकडून वाचून घेतल्या. ‘बिन’ या शब्दापुढे वडिलांचे नाव येते आणि दोघांचे वडील निराळे असल्याने गुंता तिथेच सुटला. फेरफारात मयत खातेदाराच्या जागी लागलेली मुलांची नावे आमच्या घरच्या वंशावळीशी तंतोतंत जुळली.

पणजोबा प्लेगने गेले असे घरात सांगत. मात्र कोतवाल बुकात ऑक्टोबर 1918 आणि कारण ‘ताप’ असे लिहिलेले आहे. ते महिने इन्फ्लुएन्झाच्या साथीचे होते, त्यामुळे मला प्लेगपेक्षा इन्फ्लुएन्झा हेच कारण अधिक संभवनीय वाटते.

त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळी, म्हणजे यजमान घराण्यांच्या पिढ्यांची नोंदवही, हीदेखील अवश्य पाहावी. तिथे जाताना मूळ गावाचे नाव मात्र अचूक माहीत हवे.