परवानगी दिली, तरी प्रिंट जाईना

प्रिंट सर्व्हरवर (सगळ्यांचे प्रिंट ज्यातून जातात तो कॉम्प्युटर) प्रिंटर शेअर कसा करायचा, कोणाला परवानगी ते ठरवणारा सिक्युरिटी टॅब कुठे असतो, हे तुम्हाला येत असणार. मी अडकलो ते त्याच्या पुढे, आणि नवी मुलं आजही तिथेच अडकताना दिसतात.

डेस्कटॉप सपोर्टला लागून मला चार महिने झाले होते. अकाउंट्सचा प्रिंटर फक्त अकाउंट्सलाच ठेवायचा होता. विंडोज नव्या प्रिंटरवर ‘एव्हरीवन’ला प्रिंटची परवानगी आपणहून देऊन ठेवतं. ती काढली, अकाउंट्सचा ग्रुप जोडला, नव्याने रुजू झालेल्या मॅडमचं नाव त्या ग्रुपमध्ये टाकलं. त्यांना ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. ग्रुप उघडून पाहिला, नाव होतं. ड्रायव्हर काढून परत टाकला, स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) बंद-चालू केला. महिनाअखेर, पगारपत्रकं छापायची, मॅडम खुर्चीमागे उभ्या. “दादा, होतंय का?” शेवटी एव्हरीवनला परत टिक केलं. प्रिंट लगेच आली.

चूक परवानगीत नव्हतीच. माणूस लॉगिन करतो त्या क्षणी तो कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे याची यादी तयार होते. प्रिंट सर्व्हरकडे जाताना केर्बेरॉसचं, म्हणजे विंडोजच्या ओळख-तपासणीचं, तिकीट लागतं, त्यातही ही यादी असते. मॅडम सकाळी नऊला लॉगिन झाल्या, मी अकराला नाव टाकलं. सर्व्हरने पाहिली ती नऊची यादी. उपाय एवढाच: पूर्ण लॉग ऑफ करून परत लॉगिन. स्क्रीन लॉक करून उघडणं म्हणजे लॉग ऑफ नव्हे. लॅपटॉपचं झाकण मिटणं तर नव्हेच, आणि लोक आठवडेच्या आठवडे तेवढंच करतात. “लॉग ऑफ केलं” असं कुणी सांगितलं तरी त्यांच्याच लॉगिनमध्ये ‘हूअ‍ॅमआय स्लॅश ग्रुप्स’ (whoami /groups) ही कमांड चालवा. ग्रुप त्या यादीत दिसत नसेल, तर प्रिंटरला हात लावू नका. शाखा दुसऱ्या गावात असेल तर आणखी थांबावं लागतं; दोन साइटच्या डोमेन कंट्रोलरमध्ये (लॉगिन आणि ग्रुप सांभाळणारे सर्व्हर) बदल पोचण्याचं अंतर, कुणी बदललं नसेल तर, १८० मिनिटांचं असतं.

हे तेव्हा कळलं नाही म्हणून घाबरू नका, कुणालाच पहिल्यांदा कळत नाही. पण एव्हरीवनचा आडमार्ग धरू नका. माझं ते टिक तीन आठवडे तसंच राहिलं. एके संध्याकाळी सेल्समधल्या एकाने आपलं कोटेशन त्या प्रिंटरवर काढलं आणि ट्रेमधला गठ्ठा उचलून नेला. त्यात दोघांची पगारपत्रकं होती. दुसऱ्या दिवशी त्याने ती घडी घालून माझ्या टेबलावर ठेवली. बोलला काहीच नाही. मला अजून ती घडी आठवते.

“चालतंय ना, मग सोड” म्हणणाऱ्या सीनियरपासून लांब राहा. “का चाललं ते सांग” म्हणणारा भेटला तर त्याला धरून राहा, रागीट असला तरी.

डिनायचं, म्हणजे नकाराचं, टिक तर टाळाच. डोमेन यूझर्सवर (कंपनीच्या सगळ्या यूझर्सचा ग्रुप) डिनाय लावलात की अकाउंट्सवालेही बंद होतात, कारण तेही त्याच ग्रुपात आहेत आणि डिनाय अलाउच्या वर चालतं. प्रिंटर जोडताना अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला, तर तो वेगळा प्रश्न. ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिन लागतो. त्यासाठी कुणाला लोकल अ‍ॅडमिन करू नका, ड्रायव्हर तुम्ही आधी टाकून ठेवा.

आणि सिक्युरिटी टॅब राखतो ती सर्व्हरवरची प्रिंटची रांग, प्रिंटरचं यंत्र नाही. प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) ठाऊक असलेला माणूस पोर्ट ९१०० वरून, म्हणजे प्रिंटर थेट प्रिंट घेतो त्या नेटवर्कच्या वाटेने, प्रिंट काढतो, सर्व्हरला कळतही नाही. बऱ्याच ऑफिस प्रिंटरच्या वेब पानावर आयपी फिल्टर असतो; तिथे फक्त सर्व्हरचा पत्ता ठेवा. मग स्वतःच्या लॅपटॉपवरून आयपी टाकून एक चाचणी पान पाठवा. ते पान ट्रेमध्ये आलं, तर तक्रारीचं तिकीट बंद करू नका.