कारखान्याची सॉफ्टवेअरं जोडताना या चुका टाळा

शेती विभागाचं सॉफ्टवेअर वेगळं, वजनकाट्याचं वेगळं, ऊस बिलाचं तिसरंच, आणि तिन्हीकडं शेतकऱ्यांची यादी आपापली. मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांना ही मांडणी नवी नाही. गाळप सुरू झालं की गोंधळ इथूनच उठतो.

एका यादीत ‘ज्ञानोबा’, दुसरीत ‘ग्यानोबा’, तिसरीत जुन्या फाँटातलं नाव, जे युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाणित अक्षरसंचात, वाचताच येत नाही. नावावरून जुळवाजुळव करू नका. प्रत्येक शेतकऱ्याचा कोड सगळीकडं एकच ठेवा. तो शेती विभागानं द्यायचा, बाकीच्यांनी फक्त वापरायचा. त्यात गावाचा किंवा गटाचा आकडा घालू नका. गटांची फेररचना झाली की हजारो कोड चुकीचं गाव दाखवायला लागतात.

एक सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या डेटाबेसात थेट घुसवणंही टाळा. सहा प्रणाली अशा एकमेकींना जोडल्या तर 15 जोडण्या होतात, आणि एक रकाना बदलला तरी काय मोडलं ते शोधत बसावं लागतं.

सगळ्यात महागात पडते ती काट्यावरची चूक. वजन थेट मुख्य सर्व्हरवर नोंदवायचं ठरवलं तर काट्याचा संगणक, स्विच, इंटरनेट, सर्व्हर, डेटाबेस अशी पाच कड्यांची साखळी होते. प्रत्येक कडी 99 टक्के वेळ चालली तरी अख्खी साखळी चालते साधारण 95 टक्के, म्हणजे दिवसाला सरासरी तासाभराहून जास्त काटा बंद. तोवर गाडीतळावर ऊस वाळतो, वजन घटतं आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं. म्हणून वजन आधी काट्याच्या संगणकावर साठवा, पावती तिथंच छापा, सर्व्हरला मागून पाठवा.

इथं आणखी एक खोच आहे. नोंद पोहोचली पण उत्तर येण्याआधी लाइन तुटली, तर तीच पावती पुन्हा जाते आणि टनेज दुप्पट दिसतं. पावती क्रमांक काट्यावरच पाडा: हंगाम, काटा क्रमांक, अनुक्रमांक. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरनं ‘मिळाला’ म्हणावं, पण नोंद दुसऱ्यांदा करू नये.

पावतीवर अचानक जुनी तारीख यायला लागली तर आधी मदरबोर्डावरचा सीआर 2032 सेल तपासा. तो संपला असेल तर लाइट गेली की घड्याळ मागं जातं. सेल बदला आणि सगळ्या संगणकांना वेळ एकाच सर्व्हरवरून द्या. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार बिल 14 दिवसांत द्यायचं असतं, उशिराला वार्षिक 15 टक्के व्याज. तारीख चुकली की हा हिशोबही चुकतो.

बँकेची यादी एक्सेलमधून देताना खाते क्रमांकाचा रकाना आकडे भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात आणि 15 व्या अंकापुढं सगळी शून्यं होतात.

बॅकअप हंगामाआधी दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उतरवून पाहा, मागच्या हंगामातल्या एका दिवसाचं टनेज काटा पावत्यांशी ताडा, लागलेला वेळ लिहून ठेवा. चार तास लागले, तर चार तास पुरेल एवढं छापील पावतीपुस्तक काट्यावर हवंच.